कप्तानानं मिठी मारली नव्हती

कप्तानाचे दोन्ही हात म्हाताऱ्याच्या खांद्यांवर आले आणि दमयंतीनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली, कारण आता आपल्याला रडू येणार हे तिला ठाऊक होतं. वीसेक वर्षांपूर्वी नेमक्या ह्याच प्रसंगाला चाळीत अंबिकाकाकूंच्या खोलीतल्या झाडून साऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. पण हात खांद्यांवर थांबले नाहीत. ते काखेत गेले, बरगड्यांवरून कमरेपर्यंत उतरले, म्हाताऱ्याचे खिसे चाचपून झाले, आणि कप्तान वळून मागच्या शिपायाला म्हणाला की ह्याच्यापाशी हत्यार नाही. इंग्रजीत म्हणाला, अगदी साध्या, स्वच्छ इंग्रजीत. दमयंतीला रडू आलं नाही. तापानं जड झालेल्या डोक्यात फक्त एवढंच आलं की आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक होते आहे. चॅनेल बदलत असताना हे अचानक समोर आलं होतं: ते पुठ्ठ्याचे दगड, ते तांबडं आभाळ, ते अंगाला चिकटलेले गणवेश. तिनं ते क्षणात ओळखलं होतं आणि ऑफिसला दांडी मारून घरी पडल्याचं पहिल्यांदाच बरं वाटलं होतं. समोरच्या खाटेवर बाबा भिंतीला टेकून पेंगत होते. त्यांना उठवावं, म्हणावं, बाबा, बघा काय लागलंय, असं तिच्या मनात आलं होतं. बरं झालं उठवलं नाही.

तेव्हा संपाचं तिसरं वर्ष चाललं होतं. संप मिटला असं कोणी म्हणत नव्हतं आणि चालू आहे असं म्हणण्यासारखंही काही उरलं नव्हतं. भोंगा वाजायचा नाही त्याची कानांना सवय झाली होती. बाबा तरीही सकाळी उठून दाढी करायचे, इस्त्रीचा नसला तरी धुतलेला सदरा घालायचे आणि गिरणीच्या गेटावर जाऊन उभे राहून परत यायचे. आई, तुळसा तिचं नाव, चार परक्या माणसांचे डबे करायची. आणि रविवारी सकाळी सगळा मजला अंबिकाकाकूंच्या दहा बाय बाराच्या खोलीत जमायचा, कारण त्यांचे यजमान गोदीत होते आणि मजल्यावरचा टीव्ही तेवढा त्यांच्याकडे होता. ती मालिका इंग्रजी. अंतराळातलं जहाज, दर आठवड्याला नवा ग्रह. कोणाला एक अक्षर कळायचं नाही, पण लहू होता. तिचा दादा. तो चौकटीला टेकून उभा राहायचा, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. पडद्यावर कोणी बोललं की बायका विचारायच्या, "लहू, काय रे म्हणतो तो?" आणि लहू, डोळे पडद्यावरून न हलवता, सांगायचा. न अडखळता सांगायचा. आवाजही बदलायचा, कप्तानाचा भारदस्त, डॉक्टरचा जरा नाकातला. त्या रविवारी त्यानं सांगितलं होतं की हा म्हातारा पोटासाठी घर सोडून इतक्या लांब आला आणि परतीचं जहाज काही मिळालं नाही. कप्तान त्याचाच मुलगा, बापाला शोधायचं म्हणून कप्तान झालेला. मग मिठी. मग म्हातारा ओठ हलवून काहीतरी म्हणाला आणि लहू म्हणाला, "तो विचारतोय, गावाकडे पाऊस कसा झाला यंदा?" खोलीत कोणीतरी मोठ्यानं हुंदका दिला. "कप्तान म्हणतोय, पाऊस चांगला झाला, बाबा. घर शाकारून घेतलंय. तुम्ही आता चला." बाबा कधी बायकांत बसायचे नाहीत, पण त्या दिवशी ते गॅलरीत खिडकीच्या गजांना धरून उभे होते. तिनं वळून पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा गजांमागे अगदी लहान मुलासारखा दिसला होता.

आता पडद्यावर म्हातारा ओठ हलवत होता. वॉटर, तो म्हणत होता. वॉटर, प्लीज. तो गुन्हेगार होता. एका वस्तीच्या विहिरींत विष कालवलं म्हणून त्याला ह्या ओसाड ग्रहावर सोडून दिलं होतं, आणि शिक्षा नीट चालू आहे ना एवढं बघायला कप्तान आला होता. म्हातारा पाणी मागत होता आणि कप्तान त्याला सांगत होता की पाणी मागायचा तुला हक्क नाही. नंतर जहाज निघून गेलं. म्हातारा दगडांत उभा राहिला. जाहिराती लागल्या. दमयंतीनं आवाज बंद केला आणि शॅम्पूनं केस धुणाऱ्या बाईकडे बघत राहिली. वॉटर. तेवढा एक शब्द लहूला कळला असावा. पाणी. पाण्यावरून पाऊस, पावसावरून गाव, शाकारलेलं घर. एवढ्या एका शब्दावर त्यानं सगळं उभं केलं होतं. की त्यानं मुद्दाम बदललं? समोर संपातली माणसं बसलेली, त्यांना काय असल्या निर्दय गोष्टी सांगायच्या, असं वाटून? हा विचार तिला बरा वाटला आणि ती काही वेळ त्याला धरून राहिली. पण तो टिकेना. लहू बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचाच नाही हे तिला आता आठवत होतं. तो हातांकडे बघायचा, हात कुठं जातात, कोण पुढं सरकतं, कोण मान फिरवतं. मुक्या माणसाशी बोलताना आपण बघतो तसा. आणि एकदा, ती आठवीत असताना, तिनं इंग्रजीच्या धड्यातला एक शब्द विचारला तेव्हा तो चिडून म्हणाला होता, "सगळं माझ्यावरच काय? स्वतः शोध." तिनं शोधला होता. तेव्हापासून ती शोधतच होती.

हे मात्र तिला सहन होईना. दादरच्या त्या क्लासमध्ये, गोखले रोडच्या जिन्यावरच्या ओल्या वासात, ती तीन वर्षं इंग्रजी शिकली होती. आरशासमोर उभी राहून बोलली होती. फोर्टातल्या विमा कंपनीत पहिल्यांदा साहेबांसमोर तोंड उघडलं तेव्हा पाठीवरून घाम ओघळला होता, आणि त्या घामातही तिच्या मनात हेच होतं की लहूला हे सहज यायचं. आपण रेटून रेटून शिकतोय, त्याला ते नुसतं ऐकून यायचं. बढती मिळाली तेव्हा आई म्हणाली होती, "आपलो लहू असतो तर साहेब झालो असतो," आणि तिला ते लागलं नव्हतं, पटलं होतं. घरातलं हुशार माणूस गेलं आणि मागे राहिलेलं ओढतंय, असंच तिनं स्वतःकडे बघितलं होतं. ज्याच्याशी ती इतकी वर्षं मनातल्या मनात तुलना करत आली तो मुलगा वॉटरच्या पुढं गेलाच नव्हता. तिला राग आला, लहूचाच, मेलेल्या भावाचा. आणि त्या रागाच्या पाठोपाठ, अगदी हळू, कुशाबाकाकांचा आवाज आला. गॅलरीतला. "धोंडू, पोराला इंग्रजी येत नाही रे."

कुशाबाकाका बाबांचे गाववाले. एकाच गिरणीत, एकाच खात्यात, शेजारी शेजारी साचे चालवलेले. संप लांबला तसे ते बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंगच्या ऑफिसात शिपाई म्हणून लागले. बाबांनी त्याचा राग धरला नाही, उलट लहूसाठी शब्द टाकायला सांगितलं. इंग्रजी येणारा पोरगा हवा होता ऑफिसला, टेलिफोनवर बसायला. बाबा नाक्यावर सगळ्यांना सांगत फिरले. लहूनं मित्राची पँट घातली. आईनं हातावर दही ठेवलं. संध्याकाळी आधी कुशाबाकाका जिना चढून आले, एकटेच, आणि बाबा गॅलरीत वाट बघत उभे होते. नोकरी साहेबाच्या ओळखीच्या पोराला गेली असं बाबांना आधीच कोणीतरी सांगितलं होतं, किंवा तसं त्यांनी मनाशी धरलं होतं. काका म्हणाले ते एवढंच, पोराला इंग्रजी येत नाही. मजल्यावरच्या दारादारांत माणसं होती. बाबांनी काकांच्या मुस्काटात मारली. इतक्या जोरात की काकांची टोपी कठड्यावरून खाली चौकात पडली. दमयंतीला आठवतं ते एवढंच की ती टोपी आणायला कोणी गेलं नाही. "माझ्या झिलाची, माझ्या पोराची नोकरी विकलंस तू," बाबा ओरडत होते, "आणि वर माका सांगतंस!" त्या रात्री लहू जेवायला आला नाही. चार दिवसांनी कळलं की तो भिवंडीला लूमवर लागला आहे.

त्यानंतरचं सगळं तिनं इतक्यांदा आठवलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं. गिरण्या बंद आणि गिरण्यांचं कापड भिवंडीत निघतं, हे लालबागेत पोराटोरांना माहीत होतं. संपवाल्याचा मुलगा लूमवर जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको होतं. बाबांनी आईला बजावलं की त्याचं नाव ह्या घरात काढायचं नाही. आई गुपचूप शेजारणीबरोबर एकदा जाऊन भेटून आली, परत आल्यावर नुसतं म्हणाली की तो वाळलाय आणि कानानं कमी ऐकतो, लूमचा आवाज फार. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. निरोप आला तेव्हा उशीर झाला होता. बाबा एकटेच गेले आणि टेंपोतून त्याला घेऊन आले. त्या दिवसापासून बाबांच्या तोंडी एकच वाक्य राहिलं, कुशाबानं माझो झील खाल्ल्यान. आई गेली तेव्हा कुशाबाकाका खाली चौकात येऊन उभे राहिले होते. बाबांनी त्यांना वर येऊ दिलं नाही.

"काय झाला?" बाबांनी विचारलं. ते जागे होऊन तिच्याकडे बघत होते. "ताप चढला की काय?"

"नाही." तिनं टीव्ही बंद केला. न सांगणंही जमलं असतं. बाबा पंच्याहत्तरीला आले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू, रात्री खोकला, दिवसभर खिडकीतून समोरच्या गिरणीच्या जागेवर चढणारा टॉवर बघत बसायचं. कुशाबाकाकांवरचा राग हाच त्यांचा सगळ्यात जुना सोबती होता. तो काढून घ्यायचा आणि त्या जागी काय द्यायचं? पण तिच्या तोंडून निघून गेलं. "बाबा, ती मिठी नव्हती."

"कसली मिठी?"

तिनं सांगितलं. म्हातारा कोण होता, कप्तान कशाला आला होता, हात कुठं गेले. पाण्याचं सांगितलं. लहूनं काय सांगितलं होतं ते बाबांना तिच्याहून जास्त आठवत होतं, तिला मध्येच थांबवून ते म्हणाले, "घर शाकारून घेतलंय, असा म्हणालो तो." ती थांबली. हे त्यांना कळलं की नाही, पुढचं आपण बोलून दाखवावं लागणार की काय, ह्याची तिला भीती वाटत होती. खाली रस्त्यावर कोणीतरी लोखंडी सळ्या उतरवत होतं. बाबा हात उलटे करून तळव्यांकडे बघत होते, उजव्या तळव्याकडे जास्त वेळ.

"म्हणजे कुशाबा खरा बोललो," ते म्हणाले.

"हो."

"आहे काय तो अजून?"

कुशाबाकाका वडाळ्याला मुलाकडे असतात हे तिला माहीत होतं. बाबांना माहीत नव्हतं असं त्यांनी दाखवलं. ताप उतरल्यावर, येत्या रविवारी जाऊ, असं ती म्हणाली. रविवारी ती उठली तेव्हा बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते.

वडाळ्याच्या त्या इमारतीचा जिना बाबांनी तिचा हात न धरता चढला. दार काकांच्या बायकोनं, रखमाकाकूंनी उघडलं. त्यांनी बाबांना ओळखलं, आणि दाराची कडी हातात धरूनच उभ्या राहिल्या. "आता इलात?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी किती वाट बघितली ठाऊक आहे तुम्हांला? तुळसावयनी गेली तेव्हा पावसात उभे होते तुमच्या चौकात. आता कित्याक इलात?" बाबा खाली मान घालून उभे राहिले. दमयंतीला वाटलं ते परत फिरतील. आतून कुशाबाकाकांचा आवाज आला, पातळ, थकलेला. "रखमा, येऊ दे तेंका."

काका खिडकीजवळच्या पलंगावर बसले होते. मागे रेल्वेच्या यार्डातले रूळ उन्हात पसरले होते. त्यांचं अंग निम्मं झालं होतं, डोकं मात्र तेवढंच, मोठं. बाबा त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. कोणी कोणाला नमस्कार केला नाही. दमयंती दारापाशीच थांबली, काकूंनी तिला आत बोलावलं नाही आणि तीही गेली नाही.

"लहूक इंग्रजी येत नव्हता," बाबा म्हणाले.

"मी तुका तेव्हाच सांगलंय."

"होय." बाबांनी मान हलवली. "मी तुका मारलंय."

"मारलंस."

मग बाबा म्हणाले, "तिथं काय झाला ता सांग. त्या हापिसात. सगळा सांग माका. काय्येक ठेवू नको."

काका सांगेनात. काकूंकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं. मग सांगितलं. साहेबानं नाव विचारलं, ते लहूनं सांगितलं. वडील काय करतात विचारलं, ते त्याला कळलं नाही. साहेबानं पुन्हा विचारलं. आणि मग लहू बोलायला लागला. काका दारात उभे होते, पाण्याचा ग्लास घेऊन. लहू ताठ बसून, हात हलवून, मोठ्या आवाजात बोलत होता, टीव्हीवर ती माणसं बोलतात तसं, तसाच सूर, तसेच चढउतार, मधेच आवाज बारीक, मधेच भारदस्त. फक्त त्यात शब्द नव्हते. कुठल्याच भाषेतले शब्द नव्हते. "माका पयल्यांदा वाटला, बोलता बरा हा," काका म्हणाले. "मग साहेबाचा तोंड बघितलंय." साहेब हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, काका म्हणाले. साहेबानं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मुलाला चहा द्यायला सांगितलं. काकांनी लहूला बाहेर बाकावर बसवून चहा दिला. चहा पिताना लहूनं विचारलं, "काका, बरोबर बोललो ना मी?"

"तू काय म्हणालंस?" बाबांनी विचारलं.

"म्हणालंय, बरोबर बोललंस." काकांचा खालचा ओठ हलत होता. "आणि मग तुझ्या दारात येऊन खरा सांगलंय. माका काय ठाऊक तो माझ्या मागून जिना चढून येता? तू माका मारलंस ना, तेव्हा तो जिन्याच्या वळणावर उभो होतो, धोंडू. तेना सगळा ऐकल्यान. मी उतरताना तो माझ्या अंगावरून खाली गेलो. माझ्याकडे बघूक सुद्धा नाय."

दमयंतीनं दाराच्या चौकटीला हात टेकला. एकोणीस वर्षांचा मुलगा, मित्राच्या पँटमध्ये, जिन्याच्या वळणावर. त्याला कधीतरी तोंडावर खोटं ठरवायला हवं होतं, तिनं, आईनं, कोणीतरी, एखाद्या रविवारी, हसत, घरातल्या घरात. पण सगळ्यांना ते इतकं हवं होतं. तिला आता त्याचा राग नव्हता. शब्द नसलेलं ते बोलणं त्याला खरंच बोलणं वाटलं असेल, ऐकणारे रडत होते तर ते बोलणं नाही तर काय. तिला ते ऐकायचं होतं. त्या बंद केबिनमध्ये, चष्मा काढलेल्या साहेबासमोर, तो जे काही बोलला ते सगळं तिला ऐकायचं होतं, आणि ते आता ह्या निम्म्या उरलेल्या माणसाच्या कानांत होतं, दुसरीकडे कुठंच नव्हतं.

बाबा बोलायला लागले तेव्हा तिला आधी वाटलं की ते काकांची माफी मागताहेत. ते टेंपोबद्दल बोलत होते. भिवंडीहून येतानाच्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या प्रवासातलं काही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. ते मागे न बसता पुढं ड्रायव्हरजवळ बसले होते. ठाण्याच्या पुढं ड्रायव्हरनं बिडी पेटवली आणि विचारलं, पीछे कौन है चाचा, लडका है आपका? "आणि मी नाय म्हणालंय," बाबा म्हणाले. "गाववालो म्हणालंय. आमच्या गावचो एक पोरगो, तेचा कोण नाय हय, म्हणान मी नेतंय." त्यांचा आवाज कोरडा होता, जणू दुसऱ्या कोणाबद्दल सांगत होते. "मी गिरणीकामगार, संपवालो, आणि माझो झील लूमवर मेलो, ह्या माका ड्रायव्हरासमोर सांगूक लाज वाटली. लालबागेपर्यंत तो माझो कोण नव्हतो, कुशाबा. मग तुळसान हंबरडो फोडल्यान, तेव्हा..."

काका पलंगावरून उठायला बघत होते. ते त्यांना जमत नव्हतं. काकू पुढं झाल्या, त्यांनी काकांना काखेत हात घालून उभं केलं, आणि काका दोन पावलं चालून बाबांच्या स्टुलाशी आले. बसायला जागा नव्हती म्हणून ते खाली फरशीवरच बसले, मोठ्या कष्टानं, आधी एक गुडघा, मग दुसरा. "तेचा नाव घे," काका म्हणाले. "इतकी वर्सा नुसतो झील झील म्हणतंस. घे नाव."

बाबांनी नाव घेतलं. मग पुन्हा घेतलं. मग ते थांबेनात, आणि रखमाकाकूंनी दमयंतीला दारातून ओढून आत घेतलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं.